सिबिल ५४८ वरून वर आणताना काय काय करावं लागलं

२०२२च्या जानेवारीत स्कूटरच्या शोरूममध्ये बसलो होतो, रंग ठरला होता, बायकोने सीटवर बसून फोटोपण काढून घेतला होता आणि तेवढ्यात फायनान्सवाला पोरगा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, सर तुमचं सिबिल ५४८ दाखवतंय. हळू आवाजात सांगितलं एवढे त्याचे उपकार. २०२४च्या शेवटी हाच आकडा ७६३ झाला आणि घराचं कर्ज मंजूर झालं. मधल्या तीनेक वर्षांत काय केलं, काय उगाच केलं, आणि कुठे पैसे वाया घालवले ते लिहितोय. कार्डं थकलेल्या कोणाला उपयोग झाला तर बरं.

आधी माझं रामायण थोडक्यात. तीन कार्डं होती. २०२० मध्ये मोरेटोरियम आलं, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, मार्च ते ऑगस्ट, मला वाटलं सहा महिने सुट्टी. सुट्टी नव्हती, व्याज चालूच होतं, फक्त थकबाकीदार म्हणून नोंद होत नव्हती. जुलैत नोकरी गेली, नोव्हेंबरपासून भरणं बंद. एका कार्डावर ७२,००० झाले ते मी नंतर ३०,००० मध्ये सेटल केले आणि लय शहाणपणा केला असं समजून घरी पेढे आणले. दुसऱ्यावर ४१,००० होते ते २०२१च्या ऑगस्टपर्यंत हळूहळू पूर्ण फेडले. तिसरं कार्ड वापरतच नव्हतो, त्याची गंमत पुढे सांगतो.

स्कोर बघत बसू नका, रिपोर्ट वाचा

आपल्याकडे सगळे म्हणतात माझं सिबिल खराब आहे, पण सिबिल हे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या एका कंपनीचं नाव. अशा चार कंपन्या आहेत, त्यांना ब्युरो म्हणतात, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चारही जण ३०० ते ९०० मध्ये आकडा देतात आणि चौघांचा आकडा सारखा नसतो, त्यामुळे एका ॲपवर ७१० आणि दुसऱ्यावर ६७५ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. साधारण ७५० च्या वर असलं की बँका नीट बोलतात.

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा आरबीआयचा नियम आहे, २०१७ पासून. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट फुकट. वेबसाइटवर गेलात की आधी पैशाचे प्लॅन नाचवतात, फुकटवाली लिंक जरा शोधावी लागते, पण असते. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोर कमी होत नाही, कमी होतो ही अफवा कोणी सोडली कोण जाणे, माझा मेव्हणा याच भीतीने दोन वर्षं बघायलाच तयार नव्हता.

रिपोर्ट उघडला की आकड्यावरून नजर काढा आणि खाली खात्यांची यादी आहे तिथे या. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांचे, त्यात ००० असेल तर त्या महिन्यात थकबाकी नाही, ०३० असेल तर तीस दिवस उशीर, ०९० म्हणजे नव्वद दिवस. एक्सएक्सएक्स म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहितीच दिली नाही, ते वाईट नाही. काही ठिकाणी आकड्याऐवजी एसटीडी, एसयूबी, डीबीटी अशी अक्षरं असतात, त्यातलं एसटीडी चालतं, म्हणजे उशीर नव्वद दिवसांच्या आत आहे, एसयूबी म्हणजे नव्वद दिवस ओलांडले, डीबीटी त्याच्याही पुढचं.

मग खात्याचा स्टेटस बघा. क्लोज्ड असेल तर उत्तम. सेटल्ड, राइट ऑफ, किंवा राइट ऑफ करून मग सेटल्ड, यातलं काही असेल तर तिथे काम आहे. राइट ऑफ या शब्दाचा लोक फार चुकीचा अर्थ घेतात. बँकेने सोडून दिलं असा तो अर्थ नाही, बँकेने आपल्या हिशोबाच्या वहीत ते बुडीत धरलं एवढंच, तुमच्याकडचं येणं तसंच आहे.

मी एक वही घेतली आणि प्रत्येक खात्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या, हे खातं माझंच आहे का, बाकी किती दाखवतायत, स्टेटस काय. माझ्या यादीत एक ट्रॅक्टरचं कर्ज निघालं! माझ्याकडे ट्रॅक्टर कुठला, मुंबईजवळ दिव्यात वन आरकेत राहतो. मग आठवलं, चुलत भावाला जामीन राहिलो होतो. जामीनदार म्हणून सही केली की ते कर्ज तुमच्याही रिपोर्टवर येतं आणि त्याने थकवलं तर डाग तुम्हालाही. नशीब, तो वेळेवर भरत होता. सही करताना चहा पाजला होता त्याने.

तिसऱ्या कार्डाची गंमत

हे कार्ड पहिल्या वर्षी फ्री होतं. मी ते कधी वापरलं नाही, ड्रॉवरमध्ये पडून. दुसऱ्या वर्षी ४९९ रुपये फी लागली, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ च्या आसपास. स्टेटमेंट जुन्या कंपनीच्या ईमेलवर जात होतं, जी नोकरी गेली तिच्या. लेट फी लागत गेली, व्याज लागत गेलं आणि मी बघितलं तेव्हा सहा हजाराच्या वर बाकी, एसयूबी दाखवत होतं. एक रुपयाची खरेदी नाही. खरं सांगतो, ७२ हजारवाल्यापेक्षा याचा संताप जास्त आला.

फोन केला, भांडलो, मग शांतपणे ईमेल लिहिला की कार्ड वापरलेलं नाही, फी आणि त्यावरचे सगळे चार्जेस काढा, मूळ फी भरतो. दोन वेळा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं तेव्हा चार्जेस काढले. यात शिकण्यासारखं एवढंच की फोनवर भांडून घसा बसतो, ईमेलवर भांडलं की कागद तयार होतो.

कार्ड नको असेल तर बंद करायचा अर्ज द्या. बाकी काही नसेल तर सात वर्किंग डेजच्या आत बंद केलंच पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असा आरबीआयचा २०२२चा नियम आहे. पण सगळीच बंद करू नका. जे जुनं कार्ड नीट चाललंय, फी नाही, ते राहू द्या, त्याच्या जुन्या वयाचा फायदा होतो.

कुठलं आधी फेडायचं

हातात थोडेच पैसे आहेत आणि तीन ठिकाणी द्यायचेत. बहुतेक लोक जो जास्त फोन करतो त्याला आधी देतात. मीपण तेच केलं आणि चुकलो. जे खातं अजून नव्वद दिवसांच्या आत आहे ते आधी वाचवा, कारण नव्वद दिवस ओलांडले की ते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि मग रिपोर्टवर जी अक्षरं उमटतात ती बराच काळ बघावी लागतात. जे दीड वर्षापूर्वीच राइट ऑफ झालंय त्याला आणखी दोन महिने थांबवलं तर तुलनेने कमी नुकसान, जरी त्याचाच वसुलीवाला सगळ्यात मोठ्याने ओरडत असला तरी.

आणि मिनिमम ड्यूने, म्हणजे बिलावरची कमीत कमी रक्कम भरून, कर्ज फिटतं असं कोणाला वाटत असेल तर हा हिशोब करा. ५०,००० बाकी, महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, झाले २,०६५. मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के धरला तर २,५००. म्हणजे तुम्ही अडीच हजार भरले आणि मुद्दल कमी झालं फक्त ४३५ रुपयांनी! शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज, ते ४५-५० दिवस फुकट वगैरे सगळं बंद. मिनिमम भरल्याने रिपोर्टवर ००० राहतं हे खरं, तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग, एखादा अवघड महिना निघून जाण्यासाठी.

म्हणून स्वस्त पैसा आणून महागडा फेडायचा. स्कोर पडलेला असताना पर्सनल लोन कोण देणार, पण सोनं असेल तर गोल्ड लोनला स्कोरची एवढी अडचण येत नाही. वर्षाला दहा-अकरा टक्के आणि वर्षाला बेचाळीस टक्के यातला फरक सांगायला नको. ४१ हजारवाल्यातला शेवटचा मोठा तुकडा मी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून फेडला. तिला विचारायला मला आठ दिवस लागले आणि तिने एका मिनिटात काढून दिल्या, वर म्हणाली आधी का नाही बोललास. गोल्ड लोनपण रिपोर्टवर येतं, वेळेत सोडवलं की तेही तुमच्या बाजूने मोजलं जातं. पतपेढीचं कर्ज किंवा भिशी घेऊन फेडलंत तरी कार्ड मोकळं होईल, पण भिशीची नोंद कुठेच होत नाही, आणि पतपेढी ब्युरोची मेंबर आहे का ते विचारून घ्या, नसेल तर तिथे कितीही नीट भरा, स्कोरला त्याचा पत्ता नसतो.

सेटलमेंट, म्हणजे माझे पेढे

वसुलीवाल्याचा फोन येतो, साहेब ७२ चे ३० मध्ये मिटवून देतो, आजच्या आज करा, उद्या ऑफर संपली. मी केलं. त्याने जे सांगितलं नाही ते हे, की खात्यावर सेटल्ड असा शब्द येतो आणि पुढच्या प्रत्येक बँकेला तो वाचताना एकच कळतं, या माणसाने ४२,००० बुडवले. काही बँका स्कोर बघायच्या आधी हाच शब्द शोधतात. शिवाय ज्या बँकेशी तडजोड केली तिने तुम्हाला पुन्हा कर्ज द्यायच्या आधी किमान बारा महिन्यांचं अंतर ठेवायचं असा २०२३ पासून आरबीआयचा नियम आहे, शेतीकर्ज त्यातून वगळलंय.

सेटलमेंट कधीच करू नका असं मी म्हणणार नाही, घरात आजारपण आहे, उत्पन्न शून्य आहे, तर तीस हजारात सुटका हीच मोठी गोष्ट. पण पगार चालू असेल तर आधी बँकेला सांगा की बाकी रक्कम हप्त्यांत करून द्या, व्याज कमी करा, आणि शेवटी स्टेटस क्लोज्ड पाहिजे. हे वाक्य ईमेलमध्ये जसंच्या तसं लिहा.

पैसे द्यायच्या आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि भरल्यावर स्टेटस काय कळवणार हे सगळं हवं. एजंटच्या पर्सनल नंबरवर यूपीआय करू नका, रोख तर अजिबात नाही, पैसे थेट कार्डाच्या खात्यावर. कर्ज एखाद्या एआरसीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं गेलं असेल तर आधी मूळ बँकेकडून लेखी घ्या की हे कर्ज यांनाच विकलंय, मगच त्यांना द्या, आणि नंतर रिपोर्टवर एकच कर्ज दोन नावांनी दिसतंय का तेही तपासा.

आधीच सेटल्ड झालं असेल तर? मी जे केलं ते सांगतो. २०२२च्या मार्चमध्ये त्याच बँकेला लिहिलं की माफ केलेले ४२,००० मला भरायचेत, लेखी आकडा द्या. आधी त्यांना कळलंच नाही मी काय म्हणतोय, माफ झालेले पैसे परत द्यायला कोण येतं. शेवटी पत्र मिळालं, सहा महिन्यांत भरले, वरचं व्याज मागितलं नाही, तुमची बँक मागू शकते, म्हणून लेखी आकडा आधी. मग नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, आणि त्यानंतर स्टेटस क्लोज्ड. त्या ३६ चौकोनांतले जुने डाग मात्र तसेच राहतात, ते पैसे भरून पुसले जात नाहीत. ते फक्त मागे सरकत जातात.

बँक दुरुस्त करत नसेल तर

पैसे भरले, नो ड्यूज हातात आहे, तरी रिपोर्टवर बाकी दिसतेय, हे सर्रास होतं. ब्युरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाका, फुकट असतो. ब्युरो स्वतःच्या मनाने काही बदलत नाही, बँकेला विचारते आणि बँक हो म्हणाली की बदलते, म्हणून बँकेलाही त्याच दिवशी ईमेल करा. माझ्या वेळी याला तीन महिने लागले. आता नियम कडक झालाय, तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायचे आहेत, २०२४च्या एप्रिलपासून. आणि २०२५च्या जानेवारीपासून बँकांनी ब्युरोला निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे बदलही पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

तरीही ढिम्म असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस झाल्यावर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं, सीएमएस या त्यांच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, वकील लागत नाही, फी नाही. मदतीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

वसुलीवाल्यांबद्दलही सांगतो, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई आहे, नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायला मनाई आहे. माझ्या आईला गावी फोन केला होता, ती दोन दिवस जेवली नाही. कॉलची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि तक्रारीत जोडा. मी जोडल्यावर गावचे फोन थांबले.

आता नवीन चांगला इतिहास

जुनं मिटलं तरी स्कोर आपोआप वर जात नाही, ४२ हजार भरून माझा स्कोर फक्त ५४८ चा ५७१ झाला होता, अक्षरशः रडू आलं. बँकेला दिसायला नवीन काहीतरी नीट फेडलेलं लागतं. आणि नवीन द्यायला तर कोणी तयार नसतं. यावर उपाय म्हणजे एफडीवरचं क्रेडिट कार्ड. बऱ्याच बँका एफडी तारण ठेवून त्याच्या ७५ ते ९० टक्के लिमिटचं कार्ड देतात, स्कोरची फारशी चौकशी न करता. मी २५,००० ची एफडी केली, २०,००० लिमिट मिळालं. एफडीवर व्याज चालू राहतं.

त्यावर मी फक्त दोन गोष्टी लावल्या, महावितरणचं बिल आणि मोबाइल रिचार्ज, महिन्याला दीड-दोन हजार. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणजे वीस हजारावर सहा हजार, मी दहा टक्क्यांतच राहिलो. कधी जास्त वापर झाला, दिवाळीत झाला होता, तर स्टेटमेंट निघायच्या आधीच भरून टाकायचं म्हणजे ब्युरोकडे जाणारा बाकीचा आकडा लहान जातो. ऑटोपे लावा, पण लावताना तिथे दोन पर्याय येतात, टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू. टोटल निवडा. माझ्या एका सहकाऱ्याने वर्षभर मिनिमम वर ऑटोपे ठेवलं होतं आणि त्याला वाटत होतं आपण एकदम शिस्तीचे.

ॲपवरून हाताने भरत असाल तर ड्यू डेटच्या तीन-चार दिवस आधी भरा, पैसे कधीकधी कार्डावर पोचायला वेळ लागतो. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच ब्युरोला कळवायचं असा नियम आहे खरा, पण त्या तीन दिवसांवर संसार मांडू नका.

दर महिन्याला नवीन कार्डाला अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची नोंद रिपोर्टवर चौकशी म्हणून पडते आणि चार-पाच एकदम दिसल्या की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असा अर्थ निघतो. मोबाइलच्या दुकानातला झिरो कॉस्ट ईएमआय, ॲपवरचं आत्ता घ्या नंतर द्या, हेसुद्धा बहुतेकदा कर्जच असतं, तीन हजारांचा मिक्सरसुद्धा रिपोर्टवर खातं उघडू शकतो.

आणि स्टेशनबाहेरच्या खांबावर सिबिल सुधारून मिळेल असे कागद चिकटवलेले असतात ना, त्यातल्या एकाला मी ४,००० दिले. त्याने माझ्या पॅनवरून आणि माझ्याच ओटीपीने तोच फुकटवाला डिस्प्यूट टाकला जो मी स्वतः टाकू शकलो असतो. नंतर फोन उचलला नाही.

किती वेळ लागतो

माझा आकडा असा गेला, २०२२च्या जानेवारीत ५४८, भरल्यावर ५७१, एफडी कार्डाचं वर्ष होत आलं तेव्हा ६४० च्या आसपास, २०२३ संपताना ७०२. मग बरेच महिने तिथेच अडकला. माझा शेवटचा खराब चौकोन २०२१च्या ऑगस्टचा होता, तो ३६ महिन्यांच्या बाहेर गेला २०२४ मध्ये आणि वर्षअखेर ७६३ दिसला. मधल्या काळात मी दर आठवड्याला ॲप उघडून बघायचो, ज्याने काहीही फरक पडला नाही. तीन महिन्यांतून एकदा बघा, बास. शेतकरी मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट, पीककर्जाला सिबिलची अट घालू नका असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलंय, तेव्हा शाखेत कोणी स्कोरवरून परत पाठवलं तर नकार लेखी मागा.

घराच्या कर्जाच्या वेळी ७६३ असूनही मॅनेजरने ते जुनं ७२ हजारचं खातं काढून विचारलंच, हे काय होतं? मी प्लास्टिकच्या फोल्डरमधून नो ड्यूज, लेखी आकड्याचं पत्र आणि भरल्याच्या सहा पावत्या पुढे केल्या. त्याने झेरॉक्स काढून घेतल्या आणि पुढच्या पानावर गेला. तो फोल्डर अजून कपाटात पाटल्यांच्या डब्याशेजारी आहे, पाटल्या सोडवून आणल्यात.